मिठानं तोललेली चौथी

बळीराम गुरुजी आमच्या शाळेत आले, तेव्हा त्यांच्या तोंडाआधी आम्ही त्यांचे गुडघे पाहिले. काळे, टणक, उजव्यावर जुना वण. पनवेलात तोवर कुणी मास्तरांचे गुडघे पाहिलेले नव्हते. मास्तर म्हणजे धोतर, कोट, काळी टोपी आणि तपकीर. आत गुडघे असतील, असं कधी कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि हे चाळिशीचे गृहस्थ खाकी अर्धी चड्डी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून सकाळी अकराला शाळेच्या पायरीवर उभे!

हेडगुरुजी चष्म्यावरून बघत राहिले. मग नाकातून म्हणाले, "आपण नवीन शिपाई का?"

"नाय... नाही. मी कसरतीचा मास्तर. हा बोर्डाचा कागद."

हेडगुरुजींनी कागद दोनदा वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली. "ठीक आहे. परंतु मुलांसमोर हा पोशाख... काय समजलेत?"

'काय समजलेत' हे त्यांचं पूर्णविरामाचं चिन्ह. त्याला उत्तर द्यायचं नसतं. बळीराम गुरुजींनी दिलं.

"समजलो. पन धोतरात पलता येत नाय."

आम्ही चौथीची चौतीस मुलं खिडकीला लटकलेलो. हेडगुरुजींना उलट उत्तर मिळालं, तेही 'नाय'मध्ये, आणि आभाळ कोसळलं नाही!

हे साल छप्पन्नचं. आता मी मॅट्रिकला आहे आणि त्या वर्षाची सगळी माणसं मला आवाजासकट आठवतात. बळीराम गुरुजी उरणच्या वाटेवर, पनवेलला लागून असलेल्या मिठागरावरच्या आगरी घरातले. बाप मीठ ओढायचा, आई डोक्यावरून वाहायची. हा मुलगा सातवीची फायनल पास झाला, मास्तर झाला, आणि चाळिशीत कसरतीचा कोर्स करून शिट्टी घेऊन परतला. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचे, दुसऱ्याच्या वहाणा घालून चालावं तसं जपून. मैदानात उतरले की वहाणा उडवून द्यायचे. "सावदान! ईश्राम! ए महमूद, छाती काड! छातीत काय लपवलंस, बोंबील?"

रोजचा शेवटचा, चारचा तास खेळाचा झाला. लंगडी, खो-खो, हुतूतू, सूर्यनमस्कार. मुलग्यांनी खेळायचं आणि मुलींनी कडेला बसून टाळ्या वाजवायच्या, असं आम्ही धरून चाललो होतो. पहिल्याच दिवशी शिट्टी वाजली. "पोरी का बसल्या? पायांना भाडं लागतंय?"

माझी आई शाळेपुढच्या रस्त्यानं तळ्यावर चालली होती. तिनं मला एका पायावर उड्या मारताना पाहिलं आणि तिथंच डोक्यावरचा पदर सावरायचं विसरली. तडक कुंपणाशी आली.

"अहो गुरुजी! भर रस्त्यावरून दिसतंय! मुली तंगड्या वर करून पळतायत!"

"वैनी, येकच तंगडी वर हाय," गुरुजी म्हणाले. "लंगडी हाय ती. दोनी वर केल्या तर पडंल."

आई इतकी थक्क झाली, की घरी येऊन रागावायचंसुद्धा विसरली. रात्री वडिलांना नुसतं म्हणाली, "एकच तंगडी म्हणे." आणि तोंडाला पदर लावला.

पण खरा धक्का आम्हाला दिला तो शकूनं.

शकू त्याच मिठागरावरून चालत यायची. काडीसारखी, मागच्या भिंतीला चिकटून बसणारी. तिसरीत असताना एकदा तिनं धडा वाचताना 'नाही'च्या जागी 'नाय' वाचलं आणि अख्खा वर्ग हसला. हसणाऱ्यांत मी पुढे होते, आणि वर तिची नक्कलही केली होती. त्यानंतर शकूनं वर्गात तोंड उघडलंच नाही. रोज प्रार्थना झाली की तिच्या पोटात दुखायचं. हजेरीवाल्या गुरुजींनी तिच्या नावापुढे 'पोट' असंच लिहून ठेवलं होतं.

लंगडीच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी शकूवर राज्य आलं. ती एका पायावर निघाली आणि मिठागराच्या बांधावर चालून तयार झालेला तो पाय थांबेचना. नऊ जणांना बाद केलं तिनं. दहावी मी. माझ्या पाठीत धपका घालून ती ओरडली, "बाद! बाद हायस तू! नाय म्हनू नको!"

एवढा मोठा आवाज तिच्यात होता! आणि 'हायस' ऐकून कुणी हसलं नाही, कारण हसायला कुणाकडे दमच उरला नव्हता.

महिन्याभरात हजेरीतलं 'पोट' गेलं. गोकुळाष्टमीच्या सुमारास शकूनं वर्गात उभं राहून पानभर धडा वाचला, 'नाय'सकट. महमूद, जो दिवसभर शेजाऱ्यांना चिमटे काढायचा, तो हुतूतूत इतका दमायला लागला की चिमटे बंद पडले. त्याची आई खतीजाचाची शाळेच्या दारात येऊन सांगून गेली, "मास्तरजी, माशाल्ला, आता जेवला की डोला लागतो त्याचा. आधी मध्यान रातीपर्यंत मलाच छलायचा."

एवढं सगळं हेडगुरुजींना दिसलं नाही. त्यांना दिसला सहामाहीचा गणिताचा पेपर. चौथीत एकवीस जण नापास. हे दरवर्षी व्हायचं, पण दरवर्षी खेळाचा तास नव्हता.

"खेळ बंद. त्या तासाला पाढे," हेडगुरुजी म्हणाले. "आणि पाढेच व्हायचे, तर इथे कसरतीच्या मास्तरांचे काम काय? बोर्डाला तसे कळवतो. काय समजलेत?"

बळीराम गुरुजींचा चेहरा आम्ही पहिल्यांदाच असा पाहिला. ते ओरडले नाहीत, पुस्तकी मराठीही आली नाही. "खेलून पोरांचं भलंच होतं. मी दाखवतो."

"काय दाखवता? आकड्यात दाखवा."

"दाखवतो."

"होळीपर्यंत. होळीआधी आकडे माझ्या मेजावर हवेत. नाहीतर पाढे."

आकडे म्हणजे काय, ते गुरुजींना कोर्सात शिकवलं होतं. मुलांची वजनं करायची, तीन महिन्यांनी पुन्हा करायची. चांगली खेळली-जेवली, तर वजन वाढतं. पण शाळेत वजनकाटा कुठला? गुरुजींनी मिठागरावरचा मोठा तराजू बैलगाडीत घालून आणला आणि मागच्या चिंचेला टांगला. दोन पारडी अशी, की एकेकात म्हशीचं रेडकू बसेल. वजनं मात्र दोनच मिळाली, एक दहा रत्तलांचं आणि दुसरं एका रत्तलाचं; रत्तल म्हणजे आताच्या अर्ध्या किलोला थोडा कमी. बाकीची मालकानं दिली नाहीत.

दुसरा कोणी अडला असता. मिठागरावरचा माणूस अडेल? त्यांनी दोन पोती मीठही आणलं होतं. एका पारड्यात मूल बसवायचं, दुसऱ्यात पारडी समान होईतो मीठ ओतायचं, मग मूल उतरवून ते मीठ दहा-दहा रत्तलांनी मोजायचं. किती सोपं! आम्हाला तर जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं झालं. महमूद पारड्यात उभा राहून ओरडला, "मी किती मिठाचा?" मी एकावन्न रत्तलांची भरले. शकू सेहेचाळीस. गुरुजींनी लाल पुठ्ठ्याच्या वहीत सगळं नीट उतरवलं, मीठ परत पोत्यांत भरलं, आणि संध्याकाळी तराजू नि पोती मिठागरावर पोचती केली. मीठ गेलं राशीत.

दुसऱ्या दिवशी शकूला ताप भरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मैदानाकडून असा गलका आला, की हेडगुरुजींच्या हातून तपकिरीची डबी पडली. वीसेक बायका कुंपण ओलांडून आल्या होत्या. पुढे शकूची आजी सखूबाई. उंच, काळीभोर, मान अशी ताठ की डोक्यावर पाटी नसतानाही पाटी दिसावी. जन्मभर मीठ वाहिलेली बाई.

"बल्या!" ती गरजली. "भायेर ये बल्या!"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. हा बल्या कोण? आणि आमचे बळीराम गुरुजी, शिट्टी, गुडघे सगळं घेऊन, शाळकरी पोरासारखे बाहेर गेले!

"काय गो सखूआते?"

"पोरांना मिठानं तोललंस?"

"हो. वजनं नव्हती म्हनून..."

"नि त्या मिठाचं काय केलंस?"

"राशीत घातलं परत."

बायकांत एकदम सुस्कारा उठला. खतीजाचाचीही त्यात होती. ती कानावर हात ठेवून म्हणाली, "तोबा, तोबा!"

त्या सुस्काऱ्याचं कारण मला नंतर कळलं. आई घरी माझी दृष्ट काढायची, मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायची, तडतडलं की म्हणायची बघ किती नजर होती. पण बळीराम गुरुजींनी चौतीस मुलांची अख्ख्या वजनाइतकी नजर मिठात उतरवली होती आणि ते मीठ ना जाळलं, ना खाडीत सोडलं.

"जालाचं सोडून राशीत घातलंस!" सखूबाईचा आवाज फाटला. "ती नजर गेली कुठं? फिरून माज्याच पोरीवर आली. आनी काट्यात घालतात तो माल. पोर का माल हाय? तुज्या आयशीनं तुना कवा तोलला होता?"

मिठाच्या माणसाला मिठाची एवढी साधी गोष्ट कशी सुचली नाही, तेच कुणाला समजेना. गुरुजी आपल्या हातांकडे बघत होते. "चुकलो आते," एवढंच म्हणाले.

शकूचं नाव शाळेतून काढलं नाही, पण ती यायची बंद झाली. आणि हेडगुरुजींनी जाहीर केलं, "यापुढे या शाळेत एकाही मुलाचे वजन काट्यावर होणार नाही. काय समजलेत?"

"मग होलीआधी आकडे कसे..."

"तो आपला प्रश्न. मुदत तीच आहे."

काट्यावर तोलायचं नाही आणि आकडे तर हवेत! गुरुजींनी खेळ थांबवला नाही. उलट रोज शिट्टी आधीपेक्षा लांब वाजायची. पण तास संपला की ते चिंचेखाली बसून लाल वही उघडायचे. एका रांगेत आकडे, शेजारची रांग कोरी. शकूची लंगडीतली जागाही आम्ही कोरी ठेवली होती. तिच्यावर राज्य आलं की कुणीतरी म्हणायचं, "शकू बाद," आणि खेळ पुढे जायचा. ते ऐकायला बरं वाटायचं नाही.

होळी चार दिवसांवर आली. हेडगुरुजींनी पाढ्यांचा तक्ता नवा रंगवून आणला, खिळासुद्धा ठोकला. आम्ही मैदानात रांगेत उभे होतो, आणि महमूद किंचाळला, "अरे बघा! बघा!"

तळ्याच्या कडेनं सखूबाई येत होती. डोक्यावर मिठाची बांबूची पाटी. पाटीत मीठ नव्हतं. पाटीत शकू बसली होती, गुडघे हनुवटीला लावून. एक हातही न लावता म्हातारी चालत होती आणि वर नात डुलत होती. रस्त्यावरचे टांगेवाले उभे राहून बघायला लागले. मागून ठमाबाई, तिची शेजारीण, धापा टाकत येत होती.

सखूबाई थेट गुरुजींसमोर थांबली. पाटी उतरवली नाही.

"बल्या, तुज्या वहीत हिचं काय लिवलंय?"

गुरुजींनी वही उघडली. "सेहेचालीस."

"बरोबर. दिवालीला मी हिला पाटीत घालून खाडीच्या पल्याड नेली, तवा दोन ईसा नि सा होती." दोन विसा आणि सहा, सेहेचाळीस! आम्ही बोटं मोजून पाहिली. "आनी काल बांद ओलांडाचा होता. हिचे पाय गललेले, म्हनून परत पाटीत घेतली. घेतली नि मानेला कलालं. दोन ईसा नि दोन. चार रत्तल उतरली माजी पोर."

हेडगुरुजी बाहेर आले होते. "ताप आला होता तिला. वजन घटणारच."

"मास्तर, ताप तीन दिसांचा. त्याला झाले तीन महिने. कामाला लावली नाय, मिठाला शिवू दिली नाय, नजर लागलीय म्हनून घरात बसवली. भात घातला, बोय-कोलंबीचं कालवण घातलं. खातच नाय! बोलतबी नाय. नुसती दाराकडं बगते. चार वाजले की बगतेच." सखूबाईनं पहिल्यांदाच पाटीला हात लावला. "मी हिला घरात ठेवून सुकवली."

पाटीतून शकू आमच्याकडे बघत होती. डोळे केवढे मोठे झाले होते तिचे.

"काट्यात घालू देनार नाय मी," सखूबाई पुढे म्हणाली. "पन डोक्यावर घेतात ते आपलं. आन तुजी पोरं. मी सांगते, तू लिव."

"अशक्य!" हेडगुरुजी ओरडले. "बाई, हे शास्त्रीय नव्हे. डोके म्हणजे काही वजनकाटा नव्हे!"

"तुमचं नसंल मास्तर. माजं हाय."

टांगेवाल्यांत हशा पिकला. हेडगुरुजींचे कान लाल झाले. त्यांनी शिपायाला आत बोलावलं. शाळेचा रद्दी जोखायचा छोटा काटा कोठीच्या खोलीत होता. दार लावून दोघांनी दगडी पाट्या नि पुस्तकं थोडी थोडी करून जोखली, एक टोपलीही जोखली, तिच्यात सगळं भरलं आणि वर फडकं टाकून ती बाहेर आणली. हेडगुरुजींनी आकडा कागदावर लिहून मुठीत धरला.

सखूबाईनं शकूला उतरवलं. टोपली डोक्यावर घेतली. चार पावलं गेली, चार पावलं परत आली. मान किंचित हलली.

"दोन ईसा नि सात. वर पाव."

हेडगुरुजींनी मूठ उघडली. "सत्तेचाळीस," ते हळूच म्हणाले. "परंतु पाव नाही. पाव चुकले. बरोबर सत्तेचाळीस."

तेवढ्यात शिपाई कमरेशी चाचपायला लागला. मग त्यानं टोपलीवरचं फडकं उचललं. पुस्तकांवर त्याची पान-सुपारीची भरगच्च चंची पडली होती, अडकित्त्यासकट.

हेडगुरुजींनी हातातला कागद खिशात घातला.

मग आम्ही एकेक जण पाटीत बसलो. खाली ठमाबाई हात द्यायची, सखूबाई उचलायची, चार पावलं चालायची आणि आकडा हाक मारल्यासारखा ओरडायची. मी वर बसले तेव्हा मला कर्नाळ्याचा सुळका दिसला. तो तिथूनही दिसतो, हे मला माहीतच नव्हतं. "दोन ईसा नि चौदा!" तीन रत्तल वाढले होते मी. महमूद पाच. कुणी दोन, कुणी एक. एकही खाली नव्हता. गुरुजी लिहीत होते आणि घामानं शाई फुटत होती.

शेवटी राहिली शकू. सखूबाई तिला घेऊन चार पावलं चालली आणि पाटी खाली ठेवून म्हणाली, "दोन ईसा नि दोन." गुरुजींचा टाक थांबला. त्यांना ते बेचाळीस लिहवेना.

"लिव बल्या," सखूबाई म्हणाली. "कमी झालं म्हनून लिव. कुनामुलं झालं तेबी लिव."

त्यांनी आकडाच लिहिला, बाकी काही लिहिलं नाही, आणि वही हेडगुरुजींकडे दिली.

हेडगुरुजींनी बोट ठेवून एकेक नाव वाचलं. तेहेतीस नावांपर्यंत त्यांचं बोट चालत राहिलं. चौतिसाव्यावर ते थांबलं. ज्या एका मुलीला तीन महिने खेळाचा तास मिळाला नव्हता, तिथं बराच वेळ थांबलं. त्यांनी चष्मा काढला. चष्म्याविना त्यांना आम्ही त्याआधी पाहिलं नव्हतं. साधेच होते दिसायला.

"पाढे सकाळी होतील, प्रार्थनेच्या आधी," ते म्हणाले. "शेवटचा तास आहे तसाच राहील." आणि मग बळीराम गुरुजींकडे बघून, या खेपेला खरोखरच विचारल्यासारखं, "काय समजलेत?"

गुरुजी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

महमूदला मात्र सगळं सुचतं. "आता गुरुजींना बसवा पाटीत!"

"त्याला?" सखूबाई पहिल्यांदा हसली. तिचे वरचे दोन दात नव्हते. "त्याला काय नव्यानं उचलाचा? आठ वर्सांचा होता तवा याचे पाय लुले पडले. बाप म्हनाला, राहू दे घरी. मी एक पुरा हंगाम याला पाटीतून हित शालेत आनला. सकाली पयली खेप बल्याची, मंग मिठाच्या. दीड ईस भरायचा. हाडं नुसती! मंग तवाच्या मास्तरनं याला बांदावर रोज दहा पावलं चालवला, मंग ईस, मंग पलवला."

आम्ही सगळे त्या काळ्या, टणक गुडघ्यांकडे बघायला लागलो. गुरुजींनीही खाली पाहिलं, जणू त्यांनाही ते नव्यानंच दिसत होते. आमच्यासारख्यांना वर्षभर दमवणारा हा माणूस एकेकाळी पाटीतून शाळेत आला होता!

गुरुजींनी घाईघाईनं शिट्टी ओठांना लावली. फुंकली, पण नुसती हवा आली. पुन्हा फुंकली, पुन्हा हवा. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

तेव्हा शकू पाटीतून उतरली. पाय अजून बारीक होते, गुडघ्यात वाकले. तिनं ते सरळ केले, हात मांड्यांना लावले आणि त्या टांगेवाल्यांसमोर, हेडगुरुजींसमोर, सगळ्या पनवेलसमोर ओरडली,

"सावदान!"

तेहेतीस मुलांच्या टाचा एकदम जुळल्या. शिपायाच्याही. आणि मी शप्पथ घेऊन सांगते, धोतराच्या आत हेडगुरुजींच्याही जुळल्या.